पट्टीवरच्या दोन रेघा

दाताच्या डॉक्टरकडे लोक घाबरत येतात, हिरड्यांच्या डॉक्टरकडे लाजत येतात. किडलेला दात दाखवायला कुणाला संकोच वाटत नाही. लहानपणी गोड खाल्लं, किडला, संपलं. पण हिरडी सुजली आहे, दात हलतात, तोंडाला वास येतो, हे सांगताना माणूस खुर्चीत बसल्या बसल्या खाली चपला शोधत असतो. बायका ओठांवर पदर धरून बोलतात. पुरुष मिशीवरून हात फिरवत राहतात. नाशकात पंचवीसेक वर्षं मी हेच काम करते आहे, त्यामुळे रुग्ण दारातून आत येताना त्याचा हात कुठे आहे यावरून मला निम्मं निदान करता येतं.

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी माझ्याकडे आले होते. पूजा सांगणं हा घरचा व्यवसाय, आवाज खणखणीत. माझ्यासमोर मात्र कुजबुजले, "डॉक्टर, संकल्प सोडताना यजमान मान वळवतात. पाया पडतात तेही लांबून." त्यांच्या हिरड्यांखाली इतकं कीटण साठलं होतं की ते काढायलाच तीन-चार खेपा लागल्या. काही महिन्यांनी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि तक्रार केली, "आता यजमान इतके जवळ बसतात की घरच्या अडचणी सांगत राहतात. पूजा लांबते हो." या माणसाला मी बरं केलं याचा मला अभिमान वाटला. पेढेही मीच संपवले. ते पेढे पुढे लागणार आहेत.

बाहेरच्या माणसाला हा आजार समजावून सांगणं अवघड नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये केसाहून बारीक तंतू असतात आणि दात त्यांवर तोललेला असतो. हे तंतू कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे. लोकांना वाटतं, जंतू हिरडी खातात. जंतूंकडे थोडीफार हत्यारं असतात, पण मोठी नासधूस आपणच करतो. कीटणावर जंतू जमले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावत जातात. त्यांच्याजवळ कोलॅजेन कापणारी एन्झाइम असतात. एरवी ही एन्झाइम गुणाचीच आहेत. जुने तंतू कापल्याशिवाय नवे विणले जात नाहीत, जखम भरत नाही. पण कीटण तसंच राहिलं तर जंतू हटत नाहीत, पेशी येत राहतात आणि कापाकापी थांबत नाही. तंतू तुटतात, हाड मागे सरतं, दाताभोवती खिसा तयार होतो. हे सगळं न दुखता होतं. दुखलं असतं तर माझ्याकडे लोक वेळेवर आले असते.

कौसल्याबाईंना मी हेच सांगितलं होतं. त्या पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या एका गावातून यायच्या. द्राक्षबागांमध्ये थिनिंग करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या मुकादम. घडातले मणी विरळ करायचे म्हणजे उरलेले मोठे होतात, हे ते काम. हातात बारीक कात्री, मान दिवसभर वर. पंचेचाळिशीची, काटक, टोळीवर ओरडून ओरडून आवाज बसलेली बाई. पण खालचे पुढचे दात हलायला लागले होते आणि बोलताना पदर तोंडावरून हटत नव्हता. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, त्या रोज सकाळ-संध्याकाळ लावायच्या.

"मशेरीनं तं हिरडी घट्ट व्हती ना मॅडम? रगत बी कवा आलं नाय."

"तंबाखूनं रक्त यायचं दबतं, आजार दबत नाही. कौसल्याबाई, तुमच्या बायकांना कात्र्या देऊन बागेत सोडलं आणि तुम्ही घरी निघून गेलात, तर काय होईल?"

"घड ऱ्हायचा नाय. दोघी-तिघी तं अशा हेत, बोलता बोलता अख्खा घड खाली."

"तुमच्या दाताभोवती तेच चाललंय. कात्र्या तुमच्याच माणसांच्या."

त्या पदराआड हसल्या. "मंग कात्र्याच काढून घ्या ना!"

कात्र्या बोथट करणारी गोळी असते, तेही मी सांगितलं. एक जुनं अँटिबायोटिक इतक्या कमी मात्रेत द्यायचं की जंतू मरत नाहीत, फक्त ती एन्झाइम मंदावतात. "पण आधी कीटण काढायचं. मुळापर्यंत. माणसं जमण्याचं कारणच तसंच ठेवून नुसत्या गोळ्या गिळणं म्हणजे स्वतःची फसवणूक," असं मी त्यांना बजावलं. मी बजावते चांगलं.

दोन खेपांनंतर त्या यायच्या थांबल्या. हंगाम सुरू झाला असणार. बऱ्याच दिवसांनी उगवल्या तेव्हा मशेरी चालूच होती आणि खिसे खोल झाले होते. मी त्यांना झापलं. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं, "हा आजार निष्काळजीपणाचा आहे. दुसऱ्या कुणाचा दोष नाही यात." हे वाक्य माझं आवडतं होतं. महिला मंडळांच्या भाषणांतसुद्धा ते मी म्हणायची, आणि बायका माना डोलवायच्या. कौसल्याबाईंनी मान डोलावली नाही. पदर तोंडावर घट्ट धरून त्या निघून गेल्या.

आता माझ्या दाताकडे येते.

वरचा पुढचा, डावीकडचा. एकदा लग्नाला जाताना लिपस्टिक लावत होते, तर दोन दातांमध्ये फट दिसली. पूर्वी नव्हती. दात किंचित पुढे आला होता. रुग्णाचा असता तर खुर्चीत बसायच्या आत मी सांगितलं असतं की याच्या मागे खोल खिसा आहे. आरशातल्या बाईला मी काही सांगितलं नाही. लिपस्टिक पुसली आणि तोंड मिटून फोटो काढले.

तुम्ही विचाराल, हिरड्यांच्या डॉक्टरनं स्वतःच्या हिरड्या तपासून घेतल्या नव्हत्या? नव्हत्या. आमच्या धंद्यातली ही नेहमीची गोष्ट आहे. स्वतःच्या तोंडात स्वतः काम करता येत नाही आणि दुसऱ्या डॉक्टरकडे आपण जातो ते लग्नाची पत्रिका द्यायला. त्यात मी तर हिरड्यांची. शहरातले इतर दंतवैद्य अवघड केस माझ्याकडे पाठवतात. त्यांच्यापैकी कुणाच्या खुर्चीत जाऊन आ करायचा? त्यांनी माझ्या दाताचा फोटो काढून पुढे पाठवला नसता, इतकी सभ्य माणसं आहेत ती. पण घरी जेवताना बायकोला सांगितलं असतं. मी सांगितलं असतं.

मग मी जे केलं ते एखाद्या रुग्णानं केलं असतं तर त्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं. कात्र्या बोथट करणारी ती गोळी मी स्वतःच स्वतःला सुरू केली. कीटण तसंच, मुळं तशीच, वर गोळी. दुपारी दार लावून गिळायची, मागोमाग टेबलाच्या खणातला एखादा पेढा. मास्क तर आमचा गणवेशच. पूर्वी मी रुग्णाशी बोलताना तो खाली घ्यायची, आता घेईनाशी झाले. चहासुद्धा आत एकटीनं.

माझ्याबरोबर दवाखान्यात मंदाताई असतात. माझ्याच वयाच्या, सिडकोत राहतात. रुग्णाच्या तोंडातली थुंकी ओढायची नळी धरणं, हत्यारं उकळणं, दिवा फिरवणं आणि लाजणाऱ्या बायकांना "नीट उघडा, लाजायचं काय त्यात" असं सांगणं, ही सगळी कामं त्यांची. माझ्या नुसत्या हाताच्या हालचालीवरून पुढचं हत्यार देतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, आजकाल तुम्ही हसत नाही."

"काम वाढलंय," मी म्हटलं.

मला एका परिषदेत नमुना म्हणून एक खोकं मिळालं होतं. तोंडात पाणी खुळखुळवायचं, ते एका कुपीत घ्यायचं आणि त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. हिरड्यांमध्ये त्या कात्र्या किती चालू आहेत ते कळतं. एक रेघ म्हणजे शांत, दोन म्हणजे कापाकापी जोरात. गुरुवारी दुपारी, मंदाताई जेवायला बसल्या असताना, मी ती पट्टी स्वतःवर वापरली. गोळ्यांचा उपयोग झाला असेल अशी आशा होती. पहिली रेघ उमटली. दुसरीही उमटली, आणि ती पहिलीपेक्षा गडद होती.

पट्टी कापसात गुंडाळून मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. पण पिशव्या बांधायचं काम मंदाताईंचं. कापूस सुटला असावा. त्या चिमट्यात ती पट्टी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे काय? कुणाचं?"

त्या क्षणी मला तीन उत्तरं सुचली असतील. त्यातलं सगळ्यात वाईट मी निवडलं.

"कोरोनाची पट्टी आहे. घसा खवखवत होता म्हणून बघितली."

"अहो, पण दोन रेघा आहेत!"

लाट ओसरून बराच काळ लोटला होता, मास्क आमच्याशिवाय कुणी लावत नव्हतं, पण दोन रेघांचा अर्थ लोक विसरले नव्हते. मंदाताईंना तर विसरणं शक्यच नव्हतं. त्यांचे धाकटे दीर त्या आजारात गेले होते, आणि तेव्हा खाटेसाठी फोन मीच फिरवत होते. त्या दोन पावलं मागे सरल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "तुम्ही घरी जा मॅडम. काही हात लावू नका. मी बघते सगळं."

ही वेळ होती खरं बोलायची. मी पर्स उचलली.

त्यांनी पुढच्या सगळ्या रुग्णांना फोन केले. दवाखाना औषधानं पुसून काढला. संध्याकाळी माझ्या दाराशी थर्मासमधून काढा ठेवून, बेल वाजवून, जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. "सगळा संपवा," त्या खालून ओरडल्या. मी संपवला. घरच्यांना सांगितलं की मंदाताई उगाच घाबरल्यात. थोडक्यात, घरी एक खोटं आणि दवाखान्यात दुसरं.

मोकळे दिवस आयते मिळाले होते. शनिवारी सकाळी मी गाडी काढली आणि पिंपळगावला गेले. तिथे हायवेजवळ, द्राक्षांचे खोके विकणाऱ्या दुकानाच्या वर, तृप्तीचा दवाखाना आहे. तृप्ती माझ्या हाताखाली शिकली. हात चांगला, तोंड कमी. तिच्याकडे जायचं ठरवताना मला आणखी एक गोष्ट सोयीची वाटली होती, की तिथे मला ओळखणारं कुणी भेटणार नाही. मी मास्क लावला, त्यावर ओढणी गुंडाळली आणि बाकावर जाऊन बसले.

शेजारच्या बाईच्या गालावर सूज होती. पदर तोंडाशी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नीट पाहिलं, आणि बाकाच्या टोकापर्यंत सरकली.

"ओ मॅडम! तुमाला तं कोरोना झाला ना?"

बाकावर पाच-सहा माणसं होती. क्षणात बाक रिकामा झाला. एक आजोबा काठी विसरून जिन्यापर्यंत पोचले.

"कौसल्याबाई, हळू बोला," मी म्हटलं.

"हळू काय हळू? सोमवारची वेळ देली व्हती मला तुमच्या मंदाताईंनी. मंग फोन आला, मॅडमला कोरोना झाला, येऊ नका. इकडं गाल सुजला, झोप नाय. म्हनून इथं आली. आन् तुमी इथं काय करू राहिल्या?"

"मला कोरोना नाही झालेला."

"मंग?"

सगळे ऐकत होते. जिन्यातले आजोबासुद्धा.

"दात हलतोय," मी म्हटलं. "पुढचा."

कौसल्याबाईंनी पदर खाली घेतला. आधी डोळे मोठे झाले, मग त्या हसायला लागल्या. सुजलेल्या गालावर हात दाबून, "आई गं, दुखतंय" म्हणत, पुन्हा हसत. माझ्याकडे इतक्या वेळा येऊन गेलेल्या या बाईचे सगळे दात मी खुर्चीच्या बाहेर पहिल्यांदा पाहिले.

"तुमचा? मंग तुमी बी निष्काळजी का?"

माझं आवडतं वाक्य. लोक पुन्हा बाकावर येऊन बसले. आजोबांनी काठी घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ओढणी नीट करू लागले.

"आवो, पन तुमची ती बाई तं फोनवर रडू राहिली व्हती," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "मी म्हनलं, आमची मॅडम लयच आजारी हे का काय? तं म्हने तसं नाय, माझ्या नातीचं बारसं हे शनिवारी, घोटीला. आन् मला जाता येत नाय, मी मॅडमजवळ व्हती ना. लेकराला काय झालं म्हंजे?"

मंदाताईंनी शनिवारची अर्ध्या दिवसाची रजा पंधरवड्यापूर्वीच मागितली होती. मुलाची पहिली मुलगी, सुनेचं माहेर घोटीचं, बारसं तिकडे. बाळाची कुंची त्यांनी स्वतः शिवली होती. दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत टाके घालताना मी त्यांना पाहिलं होतं आणि "लेस छान आहे" असंही म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं आणि विसरले होते.

फोन लावायला बाहेर जावं असं मनात आलं. पण बाहेर जिन्यात माणसं होती आणि खाली दुकानात टेम्पो भरत होते. आणि कौसल्याबाई माझ्याकडे बघत होत्या, टोळीतल्या बाईनं घड पाडला की बघत असतील तशा.

"मंदाताई, मी बोलतेय. तुम्ही घोटीला निघा. मला कोरोना नाही."

"दुसरी टेस्ट केली का मॅडम?"

"पहिलीच कोरोनाची नव्हती. ती पट्टी हिरड्यांची होती."

"हिरड्यांची? कुणाच्या?"

"माझ्या."

मला फोनमधून त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "मी पण टेस्ट केली होती, मेडिकलमधून पट्टी आणून. एकच रेघ आली. पण सुरुवातीला रेघ येतच नाही, असं तुम्हीच तेव्हा शिकवलं होतंत ना. म्हणून नाही गेले."

"निघा मंदाताई. रिक्षा करा, गाडी करा, पैसे माझे."

"पैशाचं काय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तृप्तीनं आत बोलावलं. तिचा दवाखाना एवढासा, मधे अर्धाच पडदा. खिशाची खोली मोजायची तर बारीक खुणांची सळई दाताभोवती फिरवतात आणि आकडे मोठ्यानं सांगतात, मदतनीस ते लिहून घेते. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाचच्या पुढे काळजी. मी ही सळई हजारो तोंडांत फिरवली असेल. ते आकडे खुर्चीत पडलेल्या माणसाला कसे ऐकू येतात, ते मला माहीत नव्हतं.

"तीन, तीन, चार," तृप्ती म्हणत होती. त्या दाताशी आल्यावर आवाज खाली गेला. "सात."

पडद्यापलीकडून कौसल्याबाई म्हणाल्या, "माझं तं सहाच व्हतं."

तृप्तीनं मला दोनच प्रश्न विचारले. "मॅडम, शेवटचं क्लीनिंग कधी केलं होतंत?" ते मला आठवत नव्हतं. "आणि शुगर कधी तपासलीत?" तेही आठवत नव्हतं. रक्तातली साखर वाढलेली असली की त्या पांढऱ्या पेशी आणखी बेभान होतात, हे तृप्तीला मीच शिकवलं होतं. तिनं तिथल्या तिथे बोटातून थेंब घेतला. आकडा बघून तिनं मीटर माझ्याकडे वळवलं. म्हटलं ना, तोंड कमी.

तिनं माझ्याआधी कौसल्याबाईंचं गळू मोकळं केलं, मग माझी मुळं साफ केली. चांगलं काम केलं. नंतर दोनदा हिरडी उघडावी लागली, दाताला मागून बारीक तार चिकटवावी लागली. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, पेढे बंद झाले. फट आहे तशीच आहे. दात राहील की नाही हे वर्ष-दोन वर्षांनी कळेल. रुग्णांना मी हेच सांगते आणि ते माझ्याकडे अविश्वासानं बघतात. आता मी तृप्तीकडे तशीच बघते.

सोमवारी मंदाताई नेहमीच्या वेळेला आल्या. हत्यारं उकळायला लावली. मी विचारलं, "पोचलात का वेळेवर?"

"पोचले."

"मग?"

त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "विहीणबाईंनी दारातच थांबवलं. त्यांना आधी कळलं होतं ना, की मी पॉझिटिव्हजवळ होते म्हणून. मी सांगितलं, नाही हो, मॅडमना काही झालेलं नाही, त्या उगाच तसं म्हणाल्या होत्या. तर विहीणबाई म्हणाल्या, डॉक्टर कशाला खोटं सांगतील? तुम्हाला यायचं म्हणून तुम्हीच सांगताय. मुलानं पण सांगून पाहिलं. शेवटी म्हटलं, वाद नको, लेकराचा दिवस आहे." मग म्हणाल्या, "उंबऱ्यातून बघितलं सगळं. मास्क लावून. कुंची घातली होती तिला."

"नाव काय ठेवलं?"

"कानात सांगतात ना ते. उंबऱ्यापर्यंत नाही येत. नंतर कळलं. ईश्वरी."

मी माफी मागितली. त्यांनी "असू दे" म्हटलं, पण थर्मास परत मागितला नाही, तो मीच नेऊन दिला. घोटीला मी स्वतः गेले, विहीणबाईंना भेटले, खोटं मीच बोलले होते असं त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी चहा दिला. डॉक्टर खोटं बोलते हे त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात मंदाताईंनी नात मांडीवर घेतलेला फोटो दाखवला. बारशाचा दिवस मात्र तो नव्हता, आणि तो आता मला कुठूनही आणून देता येणार नाही. इतक्या वर्षांत मी लोकांच्या लाजेवर इतकी भाषणं दिली. लाज झाकायला माणूस काय काय करू शकतो, ते मला बाकावर बसल्यावर समजलं. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा शेजारी नळी धरून उभं असलेलं माणूस भरतं.

निष्काळजीपणाचं ते वाक्य आता मी म्हणत नाही. दुसरं एखादं चांगलं वाक्य सुचलेलं नाही.

कौसल्याबाईंनी तृप्तीकडेच जावं असं मी सुचवलं होतं, त्यांना जवळ पडतं. त्या म्हणाल्या, "नाय, मी तुमच्याकडंच येनार. तुमच्यावर नजर ठेवाया पाहिजे." मशेरी एकदम सुटलेली नाही. सकाळची बंद आहे, संध्याकाळची कधी कधी चालते, असं त्या खरं सांगतात. मीही सणाला एक पुरणपोळी खाल्ली ते सांगते.

परवा त्या आल्या. खुर्चीत टेकल्या, पण आ केला नाही. हाताची घडी घालून बसल्या.

"आधी तुमी दाखवा."

बाहेर दोन रुग्ण होते, दार अर्धं उघडं होतं. मी मास्क काढला.

"हलतो का अजून?"

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "थोडासा," मी म्हटलं.

"दिसना नीट. अंधार हे."

माझ्या मागे मंदाताई उभ्या होत्या. त्यांनी हात वर करून खुर्चीवरचा दिवा ओढला, रुग्णाच्या तोंडावरून फिरवून माझ्या तोंडावर आणला आणि म्हणाल्या,

"नीट उघडा मॅडम. लाजायचं काय त्यात."